कडकबाईचं तोंड

मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या धुराड्याला चिकटून एक लांबलचक लाँड्री होती. तिथे कडकबाईने उभा जन्म काढला.

तिला खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या वेळी कानावर पडायचं. एरवी सगळ्यांना ती कडक. हे नाव कशावरून पडलं यावर लाँड्रीत एकमत नव्हतं. काही जणी म्हणायच्या, ही ऑपरेशनच्या खोलीतल्या चादरींना अशी इस्त्री करते की चादर भिंतीला टेकवून उभी ठेवावी, म्हणून कडक. बाकीच्या म्हणायच्या, एकदा तिच्या तोंडाला लागून बघा, कशाला कडक ते आपोआप कळेल. नंतर कामाला लागलेली तरणी पोरं तिसराच अर्थ घेऊन आली. त्यांना सिनेमा आवडला की तो कडक, चहा जमला की तो कडक. एकाने पहिल्यांदा तिच्या तोंडावर "बाई, कडक!" म्हटलं, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शिवी देतोस का कौतुक करतोस ते आधी ठरव. त्याप्रमाणे तुझ्याकडे बघते."

लाँड्रीत यंत्रांचा आवाज असा की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानात ओरडावं लागे. एका टोकाला धुण्याचे मोठे ड्रम घरघरत, मधे वाळवणी, आणि या टोकाला इस्त्रीचा तापलेला रोलर. ओलसर चादर दोघींनी दोन बाजूंनी धरायची, रोलरच्या तोंडाला लावायची आणि वेळेवर सोडायची. वेळेवर सोडणं महत्त्वाचं. तिथे "कृपया आपला हात मागे घ्यावा" असं कुणी म्हणत बसलं असतं, तर म्हणून होईस्तोवर हात कोपरापर्यंत आत गेला असता. कडकबाई ओरडायची, "सोड, मेले!" आणि हात सुटायचा. त्या "मेले"चा अर्थ मरण असा कुणीच घेतला नाही. उलट एखाद्या दिवशी तिने कुणाला "अहो बाई" म्हटलं, की ती बाई खाली मान घालून भराभर कामाला लागायची. कडक आपल्यावर खरंच चिडली, हे तिला तेव्हा कळायचं.

चादरीच्या दुसऱ्या टोकाला असायची बारकी. अंगाने किरकोळ, म्हणून बारकी. ती कडकबाईच्या शेजारच्याच खोलीत राहायची. दोघी विधवा झाल्या त्याही आगेमागे. दोघींचं भांडण ऐकून नवीन माणूस मधे पडायला धावे आणि दोघींच्या शिव्या खाऊन परत येई.

कडकबाईला एकच मुलगा. त्याच्यावर तिचा जीव, आणि त्याच्याचवर तिचा राग. राग असा की पेटायला निखाऱ्यावरची राख कुणी फुंकायला नको.

रागाचं कारण जुनं. मुलाला तिने चांगल्या शाळेत घातलं. पहिल्याच वर्षी वर्गात शेजारच्या पोराने त्याची पेन्सिल ओढली, तेव्हा हा सहज म्हणाला, "सोड ना मेल्या." मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं आणि सगळ्या वर्गाला विचारलं, "असं कुठे बोलतात? सांगा बरं." पोरं हसली. मुलगा घरी येऊन रडला, तेव्हा कडकबाई त्याला जवळ घेऊन म्हणाली, "माझ्यासारखं बोलू नकोस बाळा. त्यांच्यासारखं बोल."

पोरगं गुणी. आईचं ऐकणारं. त्याने ते इतकं ऐकलं, इतकं ऐकलं, की मोठेपणी त्याने बोलणं शिकवण्याचाच धंदा काढला. गावाच्या पलीकडच्या, चांगल्या वस्तीत घर घेतलं आणि पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला. सभेत कसं बोलावं, मुलाखतीत कसं बोलावं, टेलिफोन कसा घ्यावा. दारावर पाटी होती: 'शुद्ध, सभ्य आणि प्रभावी संभाषण'. तो बोलायला लागला की वाटायचं, शब्दांना कुणीतरी आधीच घड्या घालून ठेवल्यात. इथपर्यंत कडकबाईला अभिमानच होता.

पण त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो आला, खुर्ची ओढून समोर बसला, आणि फार मृदू आवाजात म्हणाला, "आई, उद्या तिच्याकडची मंडळी मोठी आहेत. तू फार बोलू नकोस. तू फक्त हस."

ती हसली. दिवसभर हसली. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून, फोटोवाल्याकडे बघून, विहिणीकडे बघून. जबडे दुखेपर्यंत हसली. विहीण म्हणे कुणाला म्हणाली, "सासूबाई किती शांत आहेत हो!" संध्याकाळी खोलीवर आल्यावर कडकबाईने चपला भिंतीवर फेकल्या आणि बारकीला म्हणाली, "आज मला जिवंत गाडली." एवढंच. मुलाला तिने कधी काही बोलून दाखवलं नाही. ज्या बाईने अख्ख्या लाँड्रीला कधी सोडलं नाही, तिने पोटच्या पोराला सोडलं. ते आत राहिलं आणि धुमसत राहिलं.

नोकरी संपल्यावर पुढच्याच वर्षी, एका सकाळी कप विसळताना तिचा उजवा हात तिचा राहिला नाही. कप मोरीत फुटला. डोक्यातली शीर फुटली होती; बारकीने आवाज ऐकला म्हणून निभावलं.

शुद्धीवर आली ती त्याच रुग्णालयात. डोळे उघडले तसं पहिलं लक्ष अंगाखालच्या चादरीकडे गेलं. चादरीला मधोमध चुणी. ती टोचत होती. 'ही चादर रोलरमधून कुणी काढली रे, हात मोडला होता का त्याचा?' असं तिला विचारायचं होतं. वाक्य डोक्यात लख्ख होतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिने तोंड उघडलं आणि समोरच्या तरुण डॉक्टरला म्हणाली, "मेल्या."

डॉक्टर दचकला. तीही दचकली. पुन्हा प्रयत्न केला. "मेल्या. मेल्या!" डॉक्टरचा काही दोष नव्हता. बिचारा आधीच रात्रपाळी करून आलेला.

पुढच्या काही दिवसांत हिशेब कळला. डोक्यात सगळं शाबूत होतं. लोक काय बोलतात ते कळत होतं, कोण खोटं बोलतंय तेही कळत होतं. पण बाहेर यायला तीनच शब्द उरले होते: "हट्", "गप" आणि "मेल्या". पाणी हवं तरी मेल्या, खिडकी लाव तरी हट्. हो म्हणायला मान हलवावी तर मानही धड ऐकेना. हो म्हणता म्हणता ती नाहीकडे वळायची. रागाने तिच्या अंगाची लाही लाही व्हायची, आणि तो राग बोलून काढायला पुन्हा तेच तीन शब्द.

मुलगा तिला आपल्या घरी घेऊन गेला. हे त्याने मनापासून केलं. आतली खोली रिकामी केली, पलंगाला कठडा लावून घेतला, दिवसा सांभाळायला बाई ठेवली. सूनही वाईट नव्हती. सूप भरवताना ती "आई, अजून थोडं घ्या ना" म्हणायची, आणि कडकबाईच्या तोंडून "हट् मेल्या" ऐकलं की डोळे पुसत स्वयंपाकघरात जायची. कडकबाईला तिची दया यायची. दयेचा शब्द मात्र तोंडात नव्हता.

घोळ झाला तो वर्गाचा. पुढच्या खोलीत मुलगा शिकवत असायचा, "समोरच्याला प्रथम बोलू द्यावं. आवाज संयत असावा." आणि आतून भिंत भेदून यायचं, "गप मेल्या!" पोरं खाली मान घालून खुदुखुदु हसायची. मुलाने दार लावून घेतलं. तरी ऐकू जायचं. त्याने आतल्या खोलीत रेडिओ आणून ठेवला आणि वर्गाच्या वेळी तो मोठ्याने लावून जाऊ लागला. रोजच्या रोज एक परका माणूस शुद्ध भाषेत कडकबाईच्या उशाशी बडबडायचा आणि तिला तो बंद करता यायचा नाही. बटण उजव्या बाजूला होतं.

आठवड्यातून दोनदा वाचा-उपचार करणारी एक मुलगी यायची. चुणचुणीत होती, पण अजून शिकाऊपणा अंगात होता. ती चित्रांची पुठ्ठ्याची पानं पुढे धरायची आणि लहान मुलाशी बोलावं तशी बोलायची. "हे काय बरं? क... क..." समोर कपाचं चित्र. कप! कप आहे तो, आंधळी आहे का मी? जन्मभर पाहिलेत कप. पण ओठ जुळून यायचे आणि बाहेर पडायचं "गप". "अरे वा, खूप जवळ आलात!" मुलगी टाळ्या वाजवायची. कडकबाईला वाटे, हिच्या कानाखाली वाजवावी.

एके दिवशी मुलाने त्या मुलीला दारातच गाठलं. दार उघडं होतं. कडकबाईला सगळं ऐकू येत होतं, पण त्याने आवाज खाली करायची तसदी घेतली नाही. ती बोलत नाही म्हणजे ऐकतही नाही, असं त्याच्या मनाने कधीचंच घेतलं होतं.

"मला एक सांगा," तो म्हणाला, "चांगले शब्द सगळे गेले आणि हे घाणेरडे तेवढे राहिले, असं का?"

"घाणेरडे नाहीत हो ते. बोलीतले आहेत."

"बोली, गावठी, अशुद्ध, शिवराळ. नाव काहीही द्या. एकच ते."

"एकच कसं असेल?" मुलगी म्हणाली. "अशुद्ध म्हणजे चुकलेलं. शिवी म्हणजे दुखवायला काढलेला शब्द. गावठी हे तर आपण दुसऱ्याला हिणवायला म्हणतो, त्यात भाषेपेक्षा आपलंच जास्त दिसतं. बोलीतला शब्द म्हणजे घरात, घाईत, जवळच्या माणसाशी आपण जो बोलतो तो. तुम्ही झोपेत कुणाशी बोललात तर 'कृपया' म्हणाल का?"

"मी म्हणतो," मुलगा म्हणाला. बहुधा खरंच म्हणत असावा.

"तुमच्या आईंचे हे शब्द इतके रुळलेले आहेत, की ते जरा वेगळ्या वाटेने येतात. आपोआप. म्हणून ते वाचले."

आत पडल्या पडल्या कडकबाईला पहिल्यांदा त्या मुलीबद्दल बरं वाटलं. पण मुलाने त्या बोलण्यातला एकच शब्द उचलला, हे तिला नंतर कळलं. तो शब्द होता 'आपोआप'.

बारकी भेटायला आली ती दुपारी, दोन बस बदलून. तिला दारात बघून कडकबाईच्या डाव्या हाताने पलंगाचा कठडा धरला आणि पोटातून आवाज आला, "मेल्या!"

"मी कशाला मरतेय? तूच निघाली होतीस मला टाकून!" बारकी म्हणाली, आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. कडकबाई तिच्या पाठीवर डावी मूठ आपटत राहिली, "मेल्या, मेल्या, मेल्या." आजारी पडल्यापासून पहिल्यांदा तिला जे म्हणायचं होतं तेच बाहेर पडत होतं.

मुलगा धावत आला. "मावशी, मनावर घेऊ नका. तिला तसं म्हणायचं नव्हतं."

बारकीने डोळे पुसले. "तिला तसंच म्हणायचं होतं."

"नाही, म्हणजे अर्थ..."

"अर्थ मला कळला. तुला कळला नसेल तर तू बाहेर जाऊन बस. मधे मधे करू नकोस."

त्या दिवसानंतर मुलाने बारकीला कळवलं, की भेटीमुळे आईला उत्तेजना होते, तरी काही काळ येऊ नये. शब्द असे नीटस होते की बारकीला त्यावर भांडताही येईना. भांडायला कुठेतरी हात धरायला जागा लागते. कडकबाईला हे कुणी सांगितलं नाही. ती रोज दुपारी दाराकडे बघायची, आणि बारकी येत नाही म्हणून बारकीवरच दात खायची.

एका सकाळी मुलगा पलंगाशी येऊन बसला. तोच लग्नाच्या आदल्या दिवशीचा मृदू आवाज. "आई, तुझ्यासारख्या रुग्णांसाठी एक संस्था आहे. शहराबाहेर. मोकळी हवा, चोवीस तास देखरेख. तुझी खोली आपण सोडून देऊ. तुझ्या हिताचंच आहे. चालेल ना?"

"हट्!"

"विचार कर शांतपणे," असं म्हणून तो उठला. जाता जाता बायकोला म्हणाला, "सांगितलं आईला. ठीक आहे म्हणते."

कडकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठीक आहे म्हणते? मी? ती ओरडली. हट्, गप, मेल्या, तिन्ही शब्द भिंतीवर आपटून फोडले. सांभाळणाऱ्या बाईने येऊन उशी सारखी केली आणि रेडिओ लावला.

ठरलेल्या दिवशी संस्थेचे व्यवस्थापक आले. पोट सुटलेले, जिना चढून धापा टाकणारे एक वयस्कर गृहस्थ. त्यांचा एक शिरस्ता होता: माणसाला नेण्याआधी ते त्या माणसाला एकदा स्वतः विचारत. योगायोगाने वाचा-उपचारवाली मुलगीही तेव्हा खोलीत होती. व्यवस्थापकांनी स्टूल पुढे ओढलं.

"नमस्कार आई. आमच्याकडे यायचंय ना तुम्हाला?"

"हट्!"

व्यवस्थापकांनी मुलाकडे पाहिलं.

"त्याला अर्थ नाही," मुलगा म्हणाला. "तो आपोआप येतो. आजाराचा भाग आहे. विचारा ना यांना."

व्यवस्थापक मुलीकडे वळले. मुलगी गोंधळली. "म्हणजे... असे शब्द आपोआप येतात, हे खरं आहे. पण..."

"झालं तर," मुलगा म्हणाला.

कडकबाईला वाटलं, आता आपलं डोकं पुन्हा एकदा फुटणार. आधी तिच्या तोंडचा शब्द शाळेत बेशिस्त ठरला होता, मग गप्प बसली तर गुणी ठरली होती, आणि आता स्पष्ट नाही म्हटलं तर त्याला अर्थच नाही! नाही म्हणायलासुद्धा यांच्या पाटीवरचा शब्द हवा का? तिने मुलाकडे असं पाहिलं, की तो खिडकीचा पडदा सारखा करायला गेला.

मुलगी एकदम पुढे झाली. "थांबा. मी उलटं विचारते. याही प्रश्नाला त्या हट् म्हणाल्या तर तुमचं खरं. हट् नाही म्हणाल्या, तर आधीचा हट् त्यांचा स्वतःचा आहे." ती पलंगाशी वाकली. या वेळी तिचा आवाज लहान मुलाशी बोलण्याचा नव्हता. "तुम्हाला तुमच्या खोलीवर परत जायचंय का?"

खोलीत सगळे थांबले. कडकबाईला प्रश्न कळला आणि त्यातला धोकाही कळला. 'हट्' जिभेच्या टोकावर येऊन उभा होता. महिनोन्महिने तीच वाट मळलेली, दुसरी वाट ठाऊक नाही. तोंड उघडलं की तोच बाहेर पडणार. तिने दात आवळले. डावा हात कठड्यावर पांढरा पडला. कपाळावर घाम आला. सून म्हणाली, "अहो, त्यांना त्रास होतोय," पण कुणी हललं नाही. बराच वेळ गेला. ओठ मिटलेले, नाकातून श्वास. आणि मग ते ओठ उघडले.

"मग!" कडकबाई म्हणाली.

अशा ठसक्यात, की शेवटी आवाज वर गेला.

मुलीच्या तोंडावर हसू फुटलं. पण मुलगा तिच्या आधी बोलला. "बघा, तिला मान्य आहे. मग म्हणजे नंतर. घरी नंतर जाईन म्हणतेय. आधी संस्था, मग घर."

कडकबाईने डोळे मिटून घेतले. इतका राग तिला कधीच आला नव्हता, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. चोरट्याने हातातली वस्तू हिसकावून घ्यावी आणि वर पोलिसाला सांगावं, हिनेच दिली, तसं झालं.

व्यवस्थापक मात्र हसले. पोट हलवून, खदखदून हसले. "काय साहेब! मी निघताना बायकोला विचारतो, जेवायला थांबशील का माझ्यासाठी? ती म्हणते, मग! आता तिला काय नंतर म्हणायचं असतं? 'विचारतोस काय' असं म्हणायचं असतं तिला."

"तो बोलीतला अर्थ झाला."

"त्या बोलीतच बोलतायत ना? का आपल्या दोघांच्या सोयीने दुसऱ्या भाषेत बोलणार?" व्यवस्थापक गुडघ्यावर हात टेकून उठले. हसू मावळलं होतं. "या बाईंना यायचं नाहीये. मी नाही नेणार. आमच्याकडे आधीच पुष्कळ आहेत, ज्यांना कुणी विचारलं नाही."

ते गेले. मुलगीही चित्रं गोळा करून गेली. सून आत गेली. खोलीत दोघंच उरली, आणि मुलाच्या मानेवरची शीर ताडताड उडताना कडकबाईला दिसली. लहानपणी ताप चढला की अशीच उडायची.

"झालं समाधान?" तो म्हणाला. आणि त्यानंतर जे काही बाहेर आलं, त्याला घडी नव्हती. "मला काय हौस आलीय? रोज मरतोय इथे! पोरं तोंडावर फिदीफिदी हसतात. वर्ग अर्धा रिकामा झालाय. तू पडलीस, झडलीस, तर लोक कुणाच्या नावाने बोंबलणार? माझ्याच! तुझ्या त्या मेल्यापायी मास्तरने मला बाकावर चढवलं होतं, आठवतं? तेव्हा तूच म्हणालीस ना, माझ्यासारखं बोलू नको? नाही बोललो! आयुष्यभर जीभ चावत जगलो! आणि आता तू तेच तोंड उघडून माझ्या घरात बसतेस, आणि शहाणा कोण, तर तो ढेरपोट्या!"

त्याचा आवाज फाटला. त्याने भिंतीवर हात आपटला. खाली रस्त्यावर कुणीतरी वर मान करून पाहिलं असेल.

कडकबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि खरं असल्यामुळे तिला जास्तच राग आला. त्याचा, मास्तरचा, आणि त्या दिवशी पोराला जवळ घेऊन शहाणपण शिकवणाऱ्या स्वतःचाही. तरुणपणी जाऊन त्या मास्तरच्या टेबलासमोर उभी का नाही राहिली? लाँड्रीत वाघीण, आणि शाळेच्या फाटकात मांजर.

"गप," ती म्हणाली.

तिच्या 'गप'चे पहिल्यापासून दोन प्रकार होते. एक, तोंड बंद कर. दुसरा, रडणाऱ्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवताना म्हणायचा. हा त्यातला कुठला, ते मुलाला कळलं नाही. तिलाही नीट ठाऊक नव्हतं. तो तिथेच पलंगाच्या पायथ्याशी बसला आणि बराच वेळ उठला नाही. तिने हात पुढे केला नाही. उजवा उचलत नव्हता, आणि डावा तिला करावासा वाटला नाही.

त्याच आठवड्यात त्याने तिला तिच्या खोलीवर आणून सोडलं. बॅग धाडधाड भरली, टॅक्सीचं दार आपटून लावलं. बारकी आपलं अंथरूण घेऊन हिच्या खोलीत राहायला आली. आल्या आल्या दोघींचं खिडकीवरून भांडण झालं, उघडी ठेवायची का बंद. बारकी पानभर बोलायची, कडकबाई एका शब्दात उत्तर द्यायची, आणि खिडकी उघडी राहायची.

वाचा-उपचारवाली मुलगी पुढेही येत राहिली. तिने चित्रांची पानं घरी ठेवली. आता ती बारकीला समोर बसवायची आणि म्हणायची, हिला चिडवा. बारकीने पाणी हिसकावलं की "दे" यायचं. उलटसुलट घड्या घातल्या की "नीट" यायचं. असे हळूहळू शब्द जमले. छोटे, एका दमात बोलायचे. मोठं वाक्य कधीच आलं नाही. मुलाचं नावही आलं नाही, कितीही प्रयत्न केला तरी. त्यासाठी ती "ए" म्हणायची.

मुलगा पुष्कळ दिवस फिरकला नाही. बारकी म्हणायची, बरं झालं, पीडा गेली. कडकबाई तिच्यावर "गप" करून ओरडायची, आणि हा मात्र नक्कीच पहिल्या प्रकारचा असायचा.

शेवटी एका दुपारी फोन वाजला. बारकीने तो तिच्या कानाला लावला. पलीकडून काहीच आवाज नाही, नुसता श्वास. कडकबाईने श्वासावरूनच पोराला ओळखलं. तिचा राग गेलेला नव्हता. तो जाणारही नव्हता, पुढे शेवटपर्यंत गेला नाही. पण तिने फोन बारकीला परत दिला नाही.

"हं," ती म्हणाली. "बोल."

आणि तो बोलायला लागला. बायकोवर चिडला होता, घराखाली गाडी लावणाऱ्या शेजाऱ्यावर चिडला होता, वर्ग सोडून गेलेल्या पोरांवर चिडला होता. एका वाक्यात दोनदा मेल्या म्हणाला. कडकबाईने उशी पाठीशी सरकवली, बारकीला हातानेच चहा ठेवायला सांगितला, आणि पोराचं ऐकत बसली.